आज पाय कोणाचा?

भिंगरीचा पहिला निबंध वाचून झाल्यावर निबंधवाल्या बाईंनी उठून खिडकी उघडली. हवा यावी म्हणून नव्हे. निबंधातली निम्मी माणसं बाहेर जावीत म्हणून, असं त्यांनीच सांगितलं.

"हा निबंध आहे की घरसामान हलवणारा ट्रक?" बाई म्हणाल्या. "आजोबा आहेत, आत्या आहे, आईबाबा आहेत, शेजारी आहेत, शेजाऱ्यांची मांजर आहे. वर शेवटी जगात शांतता नांदावी अशी इच्छा. कॉलेजने काय विचारलंय?"

"मला घडवणाऱ्या एका गोष्टीबद्दल लिहा."

"एका. आणि मांजर धरून इथे किती झाल्या?"

भिंगरीने मान खाली घातली. मांजर तिने खरं तर शब्द भरावेत म्हणून घातली होती.

किल्ल्या बनवणाऱ्याच्या दुकानावरच्या खोलीत बाईंचा क्लास होता. पूर्वी त्या कुठल्याशा कॉलेजात अर्जांबरोबर आलेले निबंध वाचायच्या. इतके वाचले, इतके वाचले, की पुढे पुढे काहीही मोठं दिसलं तरी त्यांचं डोकं उठायला लागलं. खोलीत खुर्ची एकच, ती विद्यार्थ्याला. बाई उभ्या राहायच्या, कारण दोन खुर्च्या झाल्या की लक्ष विभागतं. भिंतीवर एक खिळा होता. त्यावर आधी चित्र होतं, पण चित्रामुळे खिळ्याकडे कोणी बघत नाही म्हणून त्यांनी चित्र काढून टाकलं होतं. अशा बाईंच्या हाती कोणी आपलं भवितव्य देईल का? पण निबंध शिकवणारं दुसरं कोणी आसपास नव्हतं.

"अजून बारीक," बाई म्हणाल्या आणि कागद परत दिला.

भिंगरीला पूल बांधायचे होते. लहानपणी ती क्षणभर एका जागी ठरायची नाही, म्हणून तिचं नाव भिंगरी पडलं. ती शांत बसायची ती फक्त जेवताना, नाहीतर दोन स्टुलांमध्ये पट्ट्या टाकून त्यांवर डबे रचताना. पूल शिकवणारं चांगलं कॉलेज एकच होतं आणि ते फार लांब होतं. मार्क तिला होते, पण मार्क सगळ्यांनाच होते. तिथे घोडं अडायचं ते निबंधापाशी. आणि निबंध फसला, तर आत्याने नोकरी बघून ठेवलीच होती: बस डेपोत हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर, आत्याच्याच शेजारच्या स्टुलावर, जन्मभर लोकांच्या छत्र्या सांभाळत. ते स्टूल भिंगरीच्या स्वप्नात यायचं आणि ती घामाघूम होऊन उठायची.

घरी असं ठरलं होतं की निबंधाचा प्रत्येक नवा खर्डा जेवताना मोठ्याने वाचायचा. हे ठरलं तिथेच सगळं बिघडलं.

आता जेवणाचा विषय निघालाच आहे, तर त्या टेबलाबद्दल सांगायला हवं. टेबल एवढंसं, आणि खिडकीकडच्या कोपऱ्यातला त्याचा पाय बोटभर आखूड. बाबा लिफ्टचे मेकॅनिक. निम्म्या शहराला ते वर चढवायचे आणि सुखरूप खाली उतरवायचे, पण घरच्या टेबलाचं नाव काढलं की, "रविवारी बघतो." तो रविवार भिंगरीच्या जन्माआधीपासून यायचा राहिला होता. तोवर जेवताना कोणीतरी त्या आखूड पायाखाली आपलं पाऊल सरकवून बसायचं, रोज एकाचा नंबर. आजोबा फुटबॉलचे निवृत्त रेफरी. टेबल कललं की गळ्यातली शिट्टी फुंकायचे आणि सगळे एकदम विचारायचे, "आज पाय कोणाचा?" बाबांचा असला तर बाबा ताटात बघत म्हणायचे, "माझा काल झाला." त्यांनी नंबर कबूल केल्याचं कोणाला आठवत नव्हतं.

तर पुढचा खर्डा. शेजारी, मांजर आणि जागतिक शांतता गेली, त्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. त्याच्या पुढच्यात आत्या गेली.

भिंगरीने वाचून संपवलं. आत्याने चमचा खाली ठेवला.

"मी कुठे आहे?"

"आत्या, बाई म्हणाल्या, बारीक कर."

"मग मलाच बरं बारीक केलंस! तुझे केस कोणी विंचरले? कॉलेजात सही-शिक्क्यानिशी जाणार की या घरात किती माणसं आहेत ते. त्यात मी नाही. म्हणजे नाही."

"ताई, अगं निबंध आहे तो," बाबा म्हणाले.

"तू गप्प बस. तू आहेस त्यात." असं म्हणून आत्याने आपली खुर्ची उचलली, दाराबाहेर जिन्यात नेली आणि तिथे बसली. बोलवायला गेलेल्या भिंगरीला तिने डेपोच्या खिडकीवरच्या सुरात सांगितलं, "खूण पटवून कोणी न्यायला आलं तरच येईन. तोवर बेवारस."

वाटलं होतं, भूक लागली की येईल. आली नाही. तिचं ताट जिन्यात गेलं.

पुढच्या खर्ड्यात आजोबा गळले. त्यांनी तमाशा केला नाही. आयुष्यभर दुसऱ्यांना मैदानाबाहेर काढलेला माणूस. त्यांनी खिशातून लाल कार्ड काढलं, स्वतःलाच दाखवलं आणि ताठ मानेने जिन्यात जाऊन बसले. मग आई. आईची नोकरी चष्म्याच्या दुकानात, दिवसभर लोकांना सगळ्यात खालची बारीक ओळ वाचायला लावायची. तिने चष्मा काढला, पुसला, परत घातला. "एवढ्या मोठ्या कागदावर मी कुठेच दिसत नाही," ती म्हणाली. ती ताट उचलून जिन्याकडे निघाली, तेव्हा भिंगरी तिला थांबवायला उठली. पण अर्जाची शेवटची तारीख तोंडावर आली होती आणि बाईंनी तर परवा पेन्सिलीचं टोक दाखवून 'एवढं' असं सांगितलं होतं.

उरले बाबा आणि त्यांची लिफ्ट. "बाबा की लिफ्ट?" बाईंनी विचारलं. भिंगरीने लिफ्ट ठेवली. "सगळी लिफ्ट?" भिंगरीने बटण ठेवलं.

बाबांनी तो खर्डा शेवटपर्यंत ऐकून घेतला. मग विचारलं, "या बटणाची आणि तुझी ओळख कोणी करून दिली?"

"तुम्ही."

"बरं," ते म्हणाले आणि हत्यारांची पिशवी घेऊन जिन्यात गेले. हाताला चैन नाही म्हणून त्यांनी तिथे आधी एक बल्ब लावला, मग कपडे अडकवायला हुक ठोकले.

असं अख्खं घर जिन्यात गेलं. आणि खरं सांगायचं तर तिथे त्यांचं झकास चाललं होतं. सगळे एका गोटातले झाल्यामुळे त्यांच्यात भांडणं उरली नव्हती. वरच्या मजल्यावरचे लोक "येऊ का?" विचारत त्यांच्या ताटांवरून ढांगा टाकत जायचे. पोस्टमन आता बेल न वाजवता टपाल आईच्या मांडीवर ठेवायचा. हसण्याचे आवाज दाराच्या फटीतून आत यायचे आणि घरात एकटी भिंगरी बटणाविषयी लिहायची. बटण गोल होतं, बटण पिवळं होतं. बटण दाबलं की दिवा लागायचा.

"झालं बारीक," बाई म्हणाल्या. त्यांनी कागद उजेडात धरला. "पण मेलंय. तुला या बटणाबद्दल काही वाटतं?"

"नाही."

"मग कशाला लिहिलंस?"

"तुम्हीच म्हणालात, बारीक!"

"मी बारीक म्हणाले. मी रिकामं म्हणाले का?" बाईंनी खिळ्याकडे बघितलं. "उद्या शेवटचा दिवस आहे. बघ बाई."

भिंगरी घरी आली ती रडकुंडीला येऊन. जिन्यात चौघांच्या पायांमधून वाट काढत आत गेली, तर कोणी 'काय झालं' असं विचारलंसुद्धा नाही. चौघांनीही दार लागेपर्यंत तिच्याकडे बघितलं, एवढं मात्र खरं. तिने चहा केला, टेबलावर कोरा कागद घेतला आणि कोपर टेकवलं. टेबल खिडकीकडे कललं. कप घसरला आणि अर्धा चहा कागदावर सांडला.

"आज पाय कोणाचा?" भिंगरी ओरडली.

तोंडातून निघून गेलं. सवयच ती. घरात चिटपाखरू नव्हतं. पण जिन्यात आजोबांची शिट्टी वाजली, अगदी तत्काळ, आणि पाठोपाठ तीन आवाज एकदम आले, "आज आत्याचा!", "माझा कुठला, मी बेवारस आहे!", "माझा काल झाला!" मग सगळे एकदम गप्प झाले. आपण रुसलोय हे त्यांच्या लक्षात आलं असावं.

भिंगरीने खालमानेने आपलं पाऊल त्या आखूड पायाखाली सरकवलं. लाकडाच्या तळाला खळगा पडला होता, इतक्या वर्षांच्या पावलांनी पाडलेला, गुळगुळीत. तिची बोटं त्यात बरोबर बसली. टेबल सरळ झालं. आणि भिंगरीला रडू कोसळलं, चांगलं हुंदके देऊन, आणि रडता रडताच तिने दुसरा कागद ओढला.

तिने त्या टेबलाच्या चौथ्या पायाबद्दल लिहिलं, बाकी कशाबद्दल नाही. त्याच्याखाली जाणारी आत्याची पट्टा तुटलेली निळी चप्पल लिहिली, जी फक्त याच कामासाठी ठेवलेली होती. आजोबा टाच देतात आणि सूप संपेपर्यंत हलत नाहीत ते लिहिलं. आई बोटांवर तोलते, म्हणून तिला हसू आलं की टेबल थरथरतं आणि कोणी विनोद केला नसला तरी कळतं की तिला काहीतरी आठवलंय. बाबांच्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक आहे आणि त्यांचा पाय झोपतो, तेव्हा सगळ्यांचे पाण्याचे पेले एकदम खिडकीकडे निघतात. आणि तिने हे लिहिलं, की तिचे पाय जमिनीला पुरले त्या दिवशी आजोबांनी लांब शिट्टी फुंकून तिला पहिला नंबर दिला होता. ती जेवलीच नव्हती त्या दिवशी. आपण पाय काढला तर घर पडेल असं तिला वाटलं होतं आणि एवढं मोठं काम आपल्याला मिळालं म्हणून ती नुसती बसून राहिली होती.

लिहून झाल्यावर तिने दार उघडलं आणि उंबऱ्यात उभं राहून वाचलं. वाचून होईपर्यंत वरच्या मजल्याचे दोघं पायरीवर थांबून राहिले होते.

सगळ्यात आधी आत्या उठली. "चप्पल निळी, पट्टा तुटका," ती म्हणाली. "खूण पटली." तिने खुर्ची उचलली आणि आत आली. आजोबांनी लाल कार्ड खिशात घातलं. आई भिंगरीच्या डोक्यावरून हात फिरवून थेट स्वयंपाकघरात गेली. बाबा मात्र हुक काढायच्या निमित्ताने जिन्यात बराच वेळ रेंगाळले.

दुसऱ्या दिवशी बाईंनी निबंध वाचला आणि क्लासच्या इतिहासात पहिल्यांदा त्या खाली बसल्या. खुर्ची एकच असल्यामुळे जमिनीवर बसल्या. "पाठव," म्हणाल्या. "स्वल्पविरामसुद्धा हलवू नकोस."

पाठवला. आणि काही आठवड्यांनी कॉलेजातून फोन आला, तो भलताच. निबंध समितीला आवडला, पण एका घरातली धडधाकट माणसं इतकी वर्षं टेबल दुरुस्त न करता आळीपाळीने पाय देतात, हे काही जणांना खरं वाटत नव्हतं. कॉलेज पुलांचं होतं. तिथे तपासल्याशिवाय कशावरच भरवसा ठेवत नसत. "शनिवारी आमच्या तपासनीस बाई येतील. टेबल जागचं हलवू नका. खरं निघालं तर प्रवेश पक्का."

"येऊ देत की!" भिंगरी नाचायलाच लागली. "टेबल तर डुगडुगतंच!"

शनिवारी दुपारी ती बिस्किटं आणायला गेली. आई नि आत्या कामावरून अजून यायच्या होत्या, आजोबा फिरायला गेले होते. परत येऊन तिने बिस्किटांची पिशवी टेबलावर ठेवली आणि सवयीने कप घसरायची वाट बघितली. काहीच घसरलं नाही. तिने टेबल दाबलं. मग दोन्ही हातांनी दाबलं. मग त्यावर बसली.

खिडकीकडच्या पायाखाली पोलादी पट्टी होती, तिच्याखाली जाड रबर, आणि दोन्हींतून आरपार जाऊन जमिनीत घुसलेला एक बोल्ट. लिफ्टला लावतात तसला.

"बाबा!"

बाबा मोरीत हात धूत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"काढा तो! आत्ताच्या आत्ता काढा!"

"निघणार नाही," बाबा म्हणाले. "डोकं घासून टाकलंय. कोणी छेडछाड करू नये म्हणून आम्ही तसंच करतो."

एवढ्यात बाकीचे आले आणि एकच गोंधळ उडाला. आत्या टेबलाला ढकलायला लागली, आईने दुसऱ्या बाजूने ओढलं, आजोबा चक्क वर चढून उड्या मारायला लागले. टेबल ढिम्म. बाबांच्या हातचं काम होतं ते, एरवी त्यांचा ऊर भरून आला असता. "जन्मात एक रविवार पाळला," आई कपाळाला हात लावून म्हणाली, "तोही शनिवारी!"

तेवढ्यात बेल वाजली.

तपासनीस बाई उंच होत्या, करड्या कोटातल्या, आणि त्यांच्याकडे पाणसळ होती, काचेच्या नळीतल्या बुडबुड्याने पातळी दाखवणारी. त्यांनी ती टेबलावर ठेवली. बुडबुडा बरोबर मध्यभागी जाऊन थांबला. त्यांनी वहीत लिहिलं आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचलं, "टेबल सरळ."

भिंगरीच्या डोळ्यांपुढे ते डेपोतलं स्टूल उभं राहिलं.

"आज सकाळपर्यंत नव्हतं हो सरळ," आत्या काकुळतीला येऊन म्हणाली. "माझा भाऊ लिफ्टवाला आहे, त्यानेच घात केला. बघा, ही चप्पल बघा!"

"चप्पल कोणाकडेही असते." तपासनीस बाई बाबांकडे वळल्या. "इतकी वर्षं केलं नाहीत. मग आजच का केलंत? लाज वाटली?"

"लाज तर आहेच," बाबा म्हणाले. ते टॉवेलला हात पुसत होते, हात केव्हाचे कोरडे झाले होते तरी. "पण ते नाही. ही जाणार. तुम्ही नाही घेतलं तरी ही जाणारच कुठेतरी, थांबणारी नाही ती. मग हिच्या नंबराला टेबल कलणार. आजोबा शिट्टी मारणार. आम्ही सगळे विचारणार, पाय कोणाचा, आणि तो हिचा असणार." त्यांनी टॉवेल खांद्यावर टाकला. "ते काही मला बघवलं नसतं. म्हणून केलं."

भिंगरीला बाबांवर इतका राग आला होता आणि इतकी माया दाटून आली होती, की काय करावं ते तिला कळेना. तिने बिस्किटांचा पुडा फोडला.

"वाईट वाटतं," तपासनीस बाई म्हणाल्या. "पण मी दिसेल तेच लिहिते."

"चहा तरी घेऊन जा," आई म्हणाली.

सगळे बसले. आईने कप मांडले. चहा ओतायला किटली वर उचलली गेली, तेव्हा भिंगरी मान खाली घालून टेबलाच्या लाकडाकडे बघत होती. आता सगळं संपलं, एवढंच तिच्या डोक्यात होतं. तेवढ्यात तिच्या पायाच्या तळव्याला काहीतरी लागलं. लाकूड नव्हतं ते. ऊबदार होतं, आणि त्याला लोकरीच्या मोज्याचं भोक होतं, आणि भोकातून अंगठा बाहेर आला होता. अंगठ्याखाली चपलेचा तुटका पट्टा. बाजूला एक टाच, हलायचं नाव न घेणारी. वरून कोणाची तरी बोटं, थरथरणारी. आणि सगळ्यांच्या वर, त्या बोल्ट मारलेल्या पायापाशी, तिचं स्वतःचं पाऊल. ते तिथे कधी गेलं, तिला माहीत नव्हतं.

तिने सगळ्यांच्या तोंडाकडे बघितलं. जो तो कपाकडे बघत होता. आपला पाय कुठे आहे याचा कोणालाच पत्ता नव्हता.

तपासनीस बाई पाणसळ पिशवीत ठेवायला खाली वाकल्या. वाकल्या त्या बराच वेळ वर आल्याच नाहीत.

वर आल्या तेव्हा त्यांनी आधी चहाचा एक घोट घेतला. मग वही उघडली, खोडरबर मागितलं आणि लिहिलेलं नीट खोडलं. कागदावरचा चुरा फुंकून टाकला.

"एवढंच विचारायचं राहिलं," त्या म्हणाल्या. "आज पाय कोणाचा?"

आत्याने तोंड उघडलं. आजोबांनी शिट्टीकडे हात नेला.

"माझा," बाबा म्हणाले.